बाईंचं नाक आणि तीनशे सतरा नंबरची नळी

आमच्या बाई कुठल्याही गोष्टीचं झाकण उघडलं की आधी नाक आत घालत. प्लेट असो, जेवणाचा डबा असो, नवं पुस्तक असो, की पीएचडीला आलेली नवी मुलगी. मुलीला झाकण नसतं, एवढाच काय तो फरक. जिवाणूंची प्लेट नाकाजवळ नेऊ नये, हे सूक्ष्मजीवशास्त्रात पहिल्या दिवशी शिकवतात. आमच्या लॅबच्या भिंतीवर तशी पाटीही होती. ती बाईंनीच लिहिलेली, आणि तिच्याच खाली उभ्या राहून त्या दिवसाला चाळीस-पन्नास प्लेटा हुंगत. कुणी पाटीकडे बोट दाखवलंच तर म्हणत, "ती तुमच्यासाठी आहे. माझं नाक शिकलेलं आहे."

अख्खं कॉलेज त्यांना पाठीमागे 'नाक' म्हणायचं. नाक आलं का, नाक आज रजेवर आहे, नाकाने सही केली का. बाईंना हे चांगलं माहीत होतं. एकदा जिन्यात दोन मुलं उभी होती, त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "नाक वर गेलं का रे?" मागून बाईंचा आवाज आला, "नाही, अजून जिन्यातच आहे. आपण बाजूला झालात तर जाईल." त्यातल्या एकाने पुढे विषयच बदलला आणि वाणिज्य शाखेला गेला, असं सांगतात. मला ते खरं वाटतं.

पुण्यात समुद्र नाही ही गोष्ट पुणेकर सोडून सगळ्यांना खटकते. आमच्या संशोधनाचा विषय होता खारफुटीच्या चिखलातले जिवाणू. कोकणातल्या एका खाडीकाठी तिवरांच्या मुळांपाशी काळा, चिकट, अंगाला लागला की दोन दिवस न सुटणारा चिखल असतो. तो बरण्यांत भरून घाट चढवून आणायचा, सावलीत कागदावर वाळवायचा, कुटायचा, ओव्हनमध्ये तापवायचा म्हणजे त्यातले ऐरेगैरे जंतू मरतात, आणि उरलेल्यांना समुद्राच्या पाण्यात केलेल्या अगरच्या जेलीवर पेरून तीन-चार आठवडे वाट बघत बसायचं. मग प्लेटवर खडूच्या भुकटीसारखे ठिपके उगवतात. दवाखान्यातले जंतू हल्ली कुठल्याच गोळीला दाद देईनासे झालेत. त्यांना मारणारं एखादं नवं रसायन यातला एखादा ठिपका बनवत असेल, ही आमची आशा. "त्या चिखलात दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, श्वासाला हवा नाही आणि खाणारे हजार," बाई म्हणायच्या. "तिथे राहायचं तर शेजाऱ्याला मारायची काहीतरी सोय जवळ ठेवावीच लागते. मी शनिवार पेठेत वाढले. मला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही."

नाकाचं काम इथून सुरू व्हायचं. मूठभर चिखलातून शेकडो ठिपके निघतात. सगळ्यांची परीक्षा घ्यायची तर तीन जन्म पुरणार नाहीत. त्यातले बहुतेक ओळखीच्या घराण्यातले असतात, त्यांना ओल्या मातीचा वास येतो, आणि ते जे औषध बनवतात ते आपल्या आजोबांनी इंजेक्शनातून घेतलेलं असतं. वर्षानुवर्षं राबून जुनंच औषध नव्याने शोधून काढणारे संशोधक आमच्या क्षेत्रात पैशाला पासरी आहेत. म्हणून बाईंचा नियम असा, की मातीचा वास आला तर टाका, वेगळा आला तर ठेवा. कापूर, ओली सुपारी, आयोडीन, फणसाची उकडलेली आठळी, भाजलेली आठळी, असे वास त्यांनी रजिस्टरमध्ये रीतसर नोंदवलेले होते. हा काही शास्त्रीय निकष नव्हे, असं मी पहिल्या वर्षी शहाणपणा करून म्हणाले. "नाहीच," बाई म्हणाल्या. "पण नाकाला बढती नको असते, त्यामुळे ते खोटं बोलत नाही. विभागप्रमुखांचं असं एखादं इंद्रिय असेल तर मला येऊन सांगा."

माझी मुलाखत जेवणाच्या सुट्टीत झाली, कारण बाकी वेळ बाईंना नव्हता. मी भंडाऱ्याहून आलेली, बिबवेवाडीत चार मुलींत एक खोली घेऊन राहणारी. नाव सांगितलं, मेश्राम. पुण्यात हे आडनाव ऐकलं की काही लोक पुढचा प्रश्न ओठांपर्यंत आणतात आणि गिळतात, आणि तो गिळताना स्पष्ट दिसतो. बाईंनी माझ्या हातातल्या पिशवीकडे नाक वळवलं. "जवस," त्या म्हणाल्या. "जवसाची चटणी. लसूण सढळ हाताने घातलाय. आईंनी केली की आपण?" मी म्हटलं, आईने. "मग आपण कशाला आलात? त्यांनाच पाठवायचं." असं म्हणून अर्धी चटणी खाल्ली. माझी निवड झाल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही शिपायाकडून.

माणसांना अहो आणि जिवाणूंना अरे, हा त्यांचा शिरस्ता. तेवीस वर्षांच्या पोरीला "अहो मेश्राम, आपण जरा बर्नर बंद करता का" असं म्हणत, आणि लगेच प्लेटकडे वळून, "काय रे, आठवडा झाला आणि अजून पांढराच? खायला कमी पडतंय का तुला?" त्यांच्या अहोमध्ये आदर किती आणि 'चार हात लांब राहा' किती, हे मला कधीच कळलं नाही. आम्ही पोरी आपसांत म्हणायचो, बाईंची माया हवी असेल तर पुढच्या जन्मी जिवाणू होऊन यावं.

चिखल आणायला त्या स्वतः यायच्या. गमबूट घालून चिखलात उतरायच्या, दहा पावलांत बूट रुतायचे, ते तिथेच सोडून अनवाणी पुढे जायच्या. एकदा खाडीकाठच्या एका म्हातारीने बराच वेळ आमची तारांबळ पाहिली आणि विचारलं, "काय पडलं काय गो तुमचं?" बाई कमरेत वाकलेल्या तशाच म्हणाल्या, "अजून सापडलं नाही, म्हणून सांगता येत नाही." म्हातारी घरी गेली आणि आमच्यासाठी कोकम सरबत घेऊन आली. वेड्यांना थंड काहीतरी द्यावं असा तिचा हिशेब असावा.

समुद्राचं पाणी हा तर बाईंनी कॉलेजवर बसवलेला करच होता. कुणीही कोकणात निघालं, लग्नाला, देवाला नाहीतर हनिमूनला, बाईंचा पाच लिटरचा कॅन त्याच्या सामानात असायचाच. इंग्रजीच्या एका सरांनी बायकोबरोबरच्या पहिल्या सहलीचे फोटो स्टाफरूममध्ये दाखवले, त्यातल्या तीन फोटोंत कॅन आहे. बाजारच्या मिठाच्या पाण्यावरही हे जिवाणू उगवतात, पण "उगवणं वेगळं आणि नांदणं वेगळं" असं बाईंचं म्हणणं.

एकदा ती पाळी माझ्यावर आली. रत्नागिरीहून परतताना घाटात कॅनचं झाकण सैल झालं आणि सगळा समुद्र एसटीतल्या एका काकांच्या वळकटीत गेला. त्यांची बोलणी खात मी पुण्याला पोचले, खोलीवर नळाखाली कॅन भरला, वाण्याकडचं खडेमीठ ढवळलं आणि सकाळी निरागस चेहऱ्याने लॅबमध्ये नेऊन ठेवला. बाईंनी झाकण काढून नाक घातलं.

"अहो मेश्राम, बिबवेवाडीला समुद्र कुठल्या बाजूला लागतो? अप्परच्या बसस्टॉपला की लोअरच्या?"

मी कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. रजिस्टर पुढे सरकवलं आणि मला लिहायला लावलं: 'पाणी सांडले. सांगितले नाही. नळाचे पाणी व मीठ हे समुद्राचे पाणी म्हणून दिले.' खाली सही आणि तारीख. "सांडलं त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या, "समुद्र मोठा आहे. पण या पाण्यावर मी प्लेटा लावल्या असत्या, काही उगवलं नसतं, आणि मी त्या चिखलाला नालायक ठरवलं असतं. तो बिचारा काय बोलणार होता?" मला त्यांचा भयंकर राग आला, कारण ते रजिस्टर सगळे वाचत. पुढचे सहा महिने कुणालाही तहान लागली की माझ्याकडे बघून म्हणायचे, मेश्राम, जरा समुद्र आण गं.

साथीच्या दुसऱ्या लाटेत बाई आजारी पडल्या. परत आल्या तेव्हा अंगाने अर्ध्या झाल्या होत्या, जीभ तेवढी होती तशीच होती. मास्क खाली ओढून पहिली प्लेट हुंगली आणि म्हणाल्या, "बरं आहे." मी पेन हातात धरून बघतच राहिले. बरं आहे, असा वास आमच्या रजिस्टरमध्ये कधी आलाच नव्हता. दुसरी प्लेट, "ठीक." तिसरी, "नेहमीचंच." उकडलेल्या आणि भाजलेल्या आठळीतला फरक नोंदवणाऱ्या बाई अभ्यास न करता परीक्षेला बसलेल्या मुलासारखी उत्तरं देत होत्या. अशक्तपणा असेल, असं मी ठरवून टाकलं.

मग एक दिवस सकाळी नऊ वाजता मी जिना चढत होते, तर दुसऱ्या मजल्यापासूनच गॅसचा वास. लॅबचं दार ढकललं तर तो तोंडावर आदळला. प्लेटांत अगर ओतताना बाहेरचे जंतू पडू नयेत म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद, आणि बाई ओट्याशी स्टुलावर शांत बसून बर्नरची नळी नीट करत होत्या. दुसऱ्या हातात लायटर. आयुष्यात मी बाईंवर एकदाच ओरडले. "बाई, लायटर टाका!" त्यांनी टाकला. मी गॅसचा नळ बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. आम्ही दोघी जिन्याच्या पायरीवर बसलो. त्या म्हणाल्या, "नळ गळतोय. तक्रार नोंदवा." मी म्हटलं, "हो बाई." नळ खरंच गळत होता. इतका वेळ त्या खोलीत बसूनही तो बाईंना का कळला नाही, हे दोघींपैकी कुणीच विचारलं नाही.

त्यानंतर आमच्यात न बोलता एक करार झाला. बाईंनी प्लेट नाकाला लावायच्या आधी मी मोठ्याने म्हणायचं, "बाई, कापरासारखं काहीतरी येतंय का हो?" मग बाई हुंगायच्या, क्षणभर डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "कापूर नव्हे, जरा त्याच्या अलीकडचं." काय तो रुबाब! मी गप्प राहिले तर त्या माझ्या चेहऱ्याकडे बघायच्या. एका थोर बाईंची लाज मी राखतेय, असं मी रोज बिबवेवाडीच्या बसमध्ये स्वतःला सांगायची, आणि स्वतःच्या चांगुलपणाने माझेच डोळे भरून यायचे. इतकी मी तेव्हा मूर्ख होते.

पावसाळा संपल्यावर विभाग नव्या इमारतीत हलवायचं ठरलं. नव्या इमारतीत सगळ्यांना मोठ्या खोल्या आणि लहान फ्रिज मिळाले. टाळेबंदीच्या आधी आणलेल्या चिखलातून निघालेल्या सहाशे नळ्या आमच्या जुन्या फ्रिजमध्ये होत्या. प्रत्येकीत एकेक ठिपका वाढवून ठेवलेला, आणि त्यांचे वास अजून कुणी नोंदवलेले नव्हते. विभागप्रमुखांनी फर्मान काढलं की दोनशे न्या, चारशे मारून टाका. या गृहस्थांची गेल्या पंधरा वर्षांत एकाही जिवाणूशी समोरासमोर गाठ पडलेली नव्हती, पण याद्या करायची त्यांना विलक्षण हौस. निवडीच्या दिवशी ते स्वतः खुर्ची घेऊन येऊन बसले, बरोबर दोन प्राध्यापकही आणले. "मॅडमचं नाक काम करताना एकदा बघू दे," ते म्हणाले. प्राध्यापक हसले. बाईंचा चेहरा मी पाहिला. नाक गेल्याचं इथे उघड झालं असतं तर पुढचं वर्षभर कॅन्टीनमध्ये दुसरा विषय निघाला नसता, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

आधी काही सुचवायची सोय तिथे नव्हती. बाई नळीचा कापूस काढायच्या, नाकाशी न्यायच्या आणि निकाल द्यायच्या. "मातकट. टाका. मातकट. टाका. वेगळा. ठेवा." नळी माझ्या हातात यायची आणि मी रजिस्टरमध्ये नंबर, वास, निकाल लिहायची. दोन टाकायच्या, एक ठेवायची, अशी लयच धरली होती त्यांनी, म्हणजे शेवटी बरोबर दोनशे उरतील. बहुतेक वेळा ते जमूनही जात होतं, कारण बहुतेक नळ्या मातकटच होत्या. तीनशे सतरा नंबरची नळी माझ्या हातात आली तेव्हा बाई "मातकट" म्हणून पुढच्या नळीकडे वळलेल्या होत्या. मला मास्कमधूनही जायफळाचा वास आला. नुकतंच उगाळलेलं जायफळ. माझा हात थांबला.

"काय मेश्राम, मातकट आहे ना?" विभागप्रमुखांनी विचारलं.

मी म्हटलं, "हो सर. मातकटच." आणि तसं लिहिलं.

नाक वेगळा सांगतंय आणि हात मातकट लिहितोय, अशा दिवसभरात अठरा नळ्या झाल्या. मातकट असून ठेवल्या गेलेल्या नळ्या निदान जिवंत होत्या, त्यांचा वास नंतरही घेता आला असता. संध्याकाळी चारशे नळ्या ऑटोक्लेव्हमध्ये गेल्या, वाफेने सगळ्या मेल्या, आणि विभागप्रमुखांनी यादीवर सही केली.

आता थोडं आमच्या कामाबद्दल सांगावं लागेल. निवडीच्या आधीपासून मी सवयीप्रमाणे त्याच सहाशेतल्या वीस नळ्यांची एक चाचणी लावून ठेवली होती. या चाचणीत ठिपका प्लेटवर तीन आठवडे वाढू देतात, मग क्लोरोफॉर्मची वाफ देऊन त्याला मारतात आणि वरून दवाखान्यातल्या हट्टी जंतूंचा पातळ थर ओततात. ठिपक्याने मरण्याआधी काही कामाचं रसायन सोडलेलं असेल तर त्याच्या भोवतालचे जंतू मरतात आणि तिथे स्वच्छ गोल खिडकी दिसते. ठिपका मारताना कुणाला काही वाटत नाही, कारण त्याची जिवंत नळी फ्रिजमध्ये असते. निवडीच्या आदल्या दिवशी मी तो थर ओतला होता. सामान हलवायच्या गडबडीत प्लेटा बघितल्या चार दिवसांनी. एकोणीस ठिपक्यांभोवती काही नव्हतं. तीनशे सतराच्या भोवती जवळजवळ अख्खी प्लेट रिकामी होती. मी मोजायला पट्टी लावली आणि मग प्लेट घेऊन बाईंकडे गेले.

बाईंनी ती प्लेट कितीतरी वेळ उजेडाला धरली. मग म्हणाल्या, "नळी आणा."

"टाकली, बाई."

त्यांनी रजिस्टर मागितलं. ओळींवरून बोट फिरवत तीनशे सतरावर थांबल्या. मातकट, टाकली. अक्षर माझं.

"आपल्याला कसला वास आला होता?"

"जायफळाचा."

"मग हे काय लिहिलंय?"

"तुम्ही मातकट म्हणालात, बाई."

"मी काय म्हणाले ते मी विचारत नाही. मी काहीही म्हणेन. मला वास येत नाही हे तुला गॅसच्या दिवसापासून माहीत आहे." तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या मला तू म्हणाल्या. "माझं नाक गेलं होतं. तुझं होतं ना शाबूत?"

मी रडायलाच लागले. म्हटलं, सगळ्यांसमोर तुमचा अपमान झाला असता, बाई.

"झाला असता. मग? लोक संध्याकाळपर्यंत हसले असते, मी घरी जाऊन जेवले असते. तू माझा मान ठेवलास आणि नळी टाकलीस. या मानाचं मी काय करू? प्लेट लावू त्याची?" मग बऱ्याच हळू आवाजात म्हणाल्या, "आणि सुरुवात माझी आहे. तेही लिही."

आमच्या रजिस्टरमध्ये काही खोडायचं तर गिरगटायचं नसतं. खालचं वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. त्या दिवशी मी अठरा रेघा मारल्या आणि अठरा खरे वास लिहिले. प्रत्येक ओळीपुढे माझी सही, आणि तिच्या शेजारी, मी न सांगता, बाईंची.

एक खिडकी म्हणजे औषध नव्हे, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पुढे ते जुनंच काहीतरी निघालं असतं, किंवा माणसालाही मारणारं विष निघालं असतं. बहुतेक वेळा तसंच होतं. पण ते कळायचा रस्ता आता बंद झाला होता. मेलेला ठिपका खरवडून आम्ही समुद्राच्या पाण्याच्या वीस प्लेटांवर पेरला. दोन महिने थांबलो. काही उगवलं नाही. त्याच खाडीत तीनदा जाऊन आलो. निवृत्तीला आलेल्या बाई काठी टेकत गुडघाभर चिखलात उभ्या राहायच्या आणि मी बरण्या भरायची. नव्या चिखलातली प्रत्येक प्लेट आता मी हुंगायची आणि त्या लिहायच्या. "नक्की? की मला बरं वाटावं म्हणून?" असं दर प्लेटला विचारायच्या. जायफळ पुन्हा आलं नाही. आणि त्याही मला पुन्हा कधी तू म्हणाल्या नाहीत.

प्लेट पाहिल्यानंतरच्या पहिल्याच विभागसभेत त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आजारापासून मला वास येत नाही. त्या दिवशी आपण खुर्ची घेऊन जे पाहिलंत, ते नाटक होतं. त्यात एक चांगली नळी गेली." विभागप्रमुखांना घाम फुटला, कारण यादीवर सही त्यांची होती. "मॅडम, हे इतिवृत्तात नको," ते म्हणाले. "इतिवृत्तातच हवं," बाई म्हणाल्या. "चहाबरोबर तर त्याची चर्चा तशीही होईलच."

माझ्या प्रबंधातही त्यांनी एक वाक्य घालायला लावलं. इंग्रजी वाक्य, पण अर्थ असा, की मार्गदर्शकांची वास घेण्याची शक्ती त्या काळात गेलेली होती व विद्यार्थिनीने वेगळा वास येऊनही तो नोंदवला नाही, म्हणून या अठरा नळ्यांचे निकाल ग्राह्य धरू नयेत. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक सज्जन परीक्षक आले होते. त्यांनी त्या पानावर बोट ठेवलं. "हे काढून टाकू या का? मॅडम दोन महिन्यांत निवृत्त होतायत. उगाच डाग कशाला?" हो म्हणायला तोंड उघडलं होतं मी, हेही सांगून टाकते. मागच्या रांगेतून आवाज आला, "ते वाक्य माझं आहे. राहू द्या." परीक्षकांनी पान उलटलं आणि मला पदवी मिळाली.

आता मी खराडीत एका कंपनीत औषधांच्या चाचण्यांच्या नोंदी तपासते. कुणी कुणाला वाईट वाटू नये म्हणून काय लिहिलंय, ते शोधून काढणं हे माझं काम. त्यात माझा हात धरणारं ऑफिसात कुणी नाही, कारण हा गुन्हा आतून बघितलेली तिथे मी एकटीच आहे.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. मला ते ऑफिसात फोनवर कळलं, विभागाच्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर. विभागप्रमुखांनी लांबलचक लिहिलं होतं. मॅडमचं ते जगावेगळं तीक्ष्ण नाक अखेरच्या दिवसापर्यंत कधी चुकलं नाही, आम्ही ते डोळ्यांनी पाहिलं, असं. खाली ओळीने जोडलेले हात. ते जोडणाऱ्यांतले निम्मे त्या सभेत बसलेले होते.

मी लिहिलं, "बाईंना शेवटची चार वर्षं कसलाही वास येत नव्हता. हे त्यांनी स्वतः सभेत सांगितलं तेव्हा आपण हजर होतो. त्यांच्या चुकीने आणि माझ्या खोटेपणाने तीनशे सतरा नंबरची नळी गेली. ती कामाची होती का, हे आता कुणालाच कळणार नाही. बाईंनी हे लपवलं नाही. माझ्या हातात असतं तर मी लपवलं असतं."

पाच मिनिटांनी विभागप्रमुखांचा मला वेगळा मेसेज आला, "मेश्राम, ही वेळ आहे का?" दुसऱ्या कुणी लिहिलं, निदान आज तरी. तिसरीने प्रेमाने सुचवलं, काढून टाक गं, बरं दिसत नाही. मी मेसेजवर बोट दाबून धरलं. सगळ्यांसाठी पुसायचं का, असं फोनने विचारलं. नाही म्हटलं. मग ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले आणि बाईंसाठी पोटभर रडले.

तो मेसेज अजून तिथेच आहे. त्याच्या खाली कुणी हात जोडलेले नाहीत.